भिंत तापते, हवा वाहते : एका जोडगणिताचा इतिहास

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमाचा प्रयोग करतात. तांब्याच्या कॅलरीमापीत गरम पाणी घ्यायचे, दर मिनिटाला तापमान टिपायचे आणि आलेख काढायचा. तापमानातील फरक जितका जास्त, तितका थंड होण्याचा वेग जास्त, असे सूत्र मिळते. त्या सूत्रात एक स्थिरांक असतो. तो आलेखावरून काढून वहीत लिहिला की प्रयोग पूर्ण होतो.

एखादा चौकस विद्यार्थी मात्र विचारतो, "सर, हा स्थिरांक कुणाचा? तांब्याचा, पाण्याचा की हवेचा?" विशिष्ट उष्मा पदार्थाचा असतो, वाहकता पदार्थाची असते, त्यांचे तक्ते पुस्तकाच्या शेवटी दिलेले असतात. या स्थिरांकाचा तक्ता मात्र कुठेच सापडत नाही. पंखा लावला की तो बदलतो, भांडे आडवे ठेवले की बदलतो, भांडे जास्त तापलेले असले तरीही थोडा बदलतो.

हा प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे पूर्ण उत्तर देण्याची रीत सापडायला पावणेतीनशे वर्षे लागली. त्या उत्तरात पुण्यात जन्मलेल्या आणि पुण्यातच अभियांत्रिकी शिकलेल्या एका संशोधकाचा मोठा वाटा आहे. आज विमानाच्या इंजिनापासून संगणकाच्या चिपपर्यंत कोणतीही वस्तू थंड ठेवायची असेल, तर तिचे गणित ज्या रीतीने मांडतात, त्या रीतीचा हा इतिहास आहे.

न्यूटनचे तापलेले लोखंड

१७०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात उष्णतेच्या अंशांविषयी एक छोटा लॅटिन निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर लेखकाचे नाव नव्हते, पण तो न्यूटनचा होता. न्यूटनजवळ जवसाच्या तेलाचा तापमापक होता. फार उच्च तापमान त्यावर मोजता येत नसे. म्हणून त्याने एक युक्ती केली. लोखंडाचा ठोकळा लालबुंद तापवला, त्यावर निरनिराळ्या धातूंचे व मिश्रणांचे लहान तुकडे ठेवले आणि ठोकळा निवत असताना प्रत्येक तुकडा कोणत्या वेळी गोठतो, याची नोंद केली. वेळेवरून तापमान काढण्यासाठी त्याने शीतलीकरणाचा नियम गृहीत धरला.

त्याने हा ठोकळा एकसारखा वारा वाहत असलेल्या जागी ठेवला होता, हा तपशील आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. वारा सतत वाहत असेल तर सारख्या वेळात सारखीच हवा ठोकळ्याला स्पर्श करून जाते आणि ठोकळ्याच्या उष्णतेच्या प्रमाणात तापते, असा त्याचा विचार होता. म्हणजे हवेच्या हालचालीचा प्रश्न न्यूटनने सोडवला नाही, तो बाजूला ठेवला. बाहेरच्या वाऱ्याने ती हालचाल ठरवून टाकली होती.

प्रयोगशाळेत आपण वारा बंद करतो. मग हवा कोण हलवते? तापलेले भांडेच हलवते. भांड्यालगतची हवा तापते, हलकी होते, वर चढते आणि तिच्या जागी थंड हवा येते. भांडे जितके गरम, तितका हा प्रवाह जोराचा. म्हणून स्थिर हवेत न्यूटनचा नियम तंतोतंत लागू पडत नाही. १८१७ साली ड्युलाँग आणि पेटिट या फ्रेंच शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक मोजमापे करून दाखवले, की अशा वेळी हवेने वाहून नेलेली उष्णता तापमानातील फरकाच्या १.२३३ व्या घाताच्या प्रमाणात असते. फरक दुप्पट केला तर उष्णता दुपटीऐवजी सुमारे २.३५ पट जाते. वस्तू हवेला हलवते आणि हलणारी हवा वस्तूला निववते, या परस्परसंबंधाची ही पहिली आकडेवारी म्हणता येईल.

एकाच शहरात, एकाच वर्षी

१८२२ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये फूरियेचा उष्णतेच्या गणिती सिद्धांतावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. घन पदार्थातून उष्णता कशी वाहते, याचे समीकरण त्यात होते. त्याच वर्षी, त्याच शहरात, विज्ञान अकादमीपुढे नाविए याने द्रायूंच्या, म्हणजे द्रवांच्या व वायूंच्या, हालचालीचे समीकरण मांडले. त्यात द्रायूच्या थरांमधील आंतरिक घर्षणाचा विचार होता. पुढे १८४५ मध्ये स्टोक्सने त्याला पक्का पाया दिला.

म्हणजे भिंतीचे गणित आणि वाऱ्याचे गणित ही दोन्ही एकाच वेळी जन्माला आली. पण ती एकत्र आली नाहीत. फूरियेला भिंतीच्या आतले गणित सोडवायचे होते. भिंतीच्या पृष्ठभागापाशी पोहोचल्यावर त्याने पदार्थाची 'बाह्य वाहकता' असा एक अंक घेतला आणि हवेची सारी गुंतागुंत त्या अंकात कोंबली. आपल्या विद्यार्थ्याने विचारलेला स्थिरांक तो हाच. पुढे त्याला उष्णतासंक्रमणाचा गुणांक म्हणू लागले.

१९०४ साली जर्मनीत प्रांट्लने सीमास्तराची कल्पना मांडली. पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा थर अगदी स्थिर असतो, आणि तेथून थोडे दूर गेले की हवा पूर्ण वेगाने वाहते. मधल्या पातळ थरात सारे नाट्य घडते. १९१५ मध्ये नुसेल्टने या गुणांकाचे प्रयोग निरनिराळ्या वेगांसाठी व आकारांसाठी एका सूत्रात बसवण्याची रीत दिली. त्यानंतर अभियंत्यांनी हजारो प्रयोग करून गुणांकांचे तक्ते तयार केले. सपाट पत्रा, उभी नळी, आडवी नळी, नळ्यांची जुडी, असा प्रत्येकाचा अंक निराळा.

यातून एक प्रकारची वाटणी झाली. हवेचा प्रवाह पाहणारे भिंतीचे तापमान माहीत आहे असे धरीत. भिंतीचे गणित करणारे हवेचा गुणांक माहीत आहे असे धरीत. दोघेही एकमेकांकडून आकडा उसना घेत.

ही वाटणी कुठे चालते, कुठे फसते?

तांब्याच्या कॅलरीमापीसाठी ती छान चालते. तांब्याची वाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर प्रति अंश आहे. एक मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून उष्णता क्षणात पार होते, अडथळा सगळा हवेचा असतो. भांड्याचे तापमान सर्वत्र सारखे धरले तरी काही बिघडत नाही.

आता कढईतून काढलेला बटाटेवडा घ्या. वरून तो खाण्याजोगा वाटतो, पण चावताच जीभ भाजते. बटाट्याची वाहकता अर्ध्या वॅटच्या आसपास आहे. आतून बाहेर येताना होणारा अडथळा आणि बाहेरच्या हवेचा अडथळा हे येथे तुलनेने जवळपास येतात. वड्याचे तापमान 'एक' नसतेच. या दोन अडथळ्यांच्या गुणोत्तराला फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ याच्या नावाने बिओ अंक म्हणतात. तो एक-दशांशाहून कमी असेल तर न्यूटनचा सोपा नियम चालतो. जास्त असेल तर वस्तूच्या आत डोकवावेच लागते.

यापुढचा प्रसंग आणखी अवघड असतो. कधी भिंतीचे तापमान जागोजागी निराळे असते. त्यामुळे हवेचा प्रवाह जागोजागी बदलतो आणि बदललेला प्रवाह भिंतीचे तापमान पुन्हा बदलतो. तेथे तक्त्यातला कोणताच गुणांक उपयोगी पडत नाही. असे प्रश्न दोन्ही बाजूंनी एकत्रच सोडवावे लागतात. १९६१ साली सोव्हिएत संघातील मिन्स्क येथे काम करणाऱ्या टी. एल. पेरेलमन यांनी अशा प्रश्नांवर शोधनिबंध लिहिला आणि त्यांना 'जोडलेले प्रश्न' असे नाव दिले. आपण त्यांना जोडगणित म्हणू.

जोडगणितात गुणांक लागतच नाही. त्याऐवजी सीमेवर दोन साध्या अटी असतात. पहिली, भिंतीच्या पृष्ठभागाचे तापमान आणि तिला चिकटलेल्या हवेचे तापमान एकच असले पाहिजे. दुसरी, भिंतीतून जितकी उष्णता बाहेर पडते तितकीच हवेत शिरली पाहिजे. गुणांक हवाच असेल तर तो उत्तरातून शेवटी काढता येतो. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याचे उत्तर असे : तो स्थिरांक एकट्या तांब्याचा नाही आणि एकट्या हवेचाही नाही. तो त्या दोघांच्या त्या वेळच्या संबंधाचा आहे.

दीड वर्षाची आकडेमोड

अटी सोप्या असल्या तरी समीकरणे सोडवणे अत्यंत कठीण होते. द्रायूंची समीकरणे अगदी मोजक्या आकारांखेरीज कागदावर सुटत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे जागेचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनासाठी आकडेमोड करायची. किती आकडेमोड? १९५३ साली जपानच्या मितुतोसी कावागुती यांनी एका गोल दांड्याभोवतीचा संथ प्रवाह हाताने चालवायच्या गणनयंत्रावर सोडवला. आठवड्याला वीस तास याप्रमाणे त्यांना दीड वर्ष लागले. त्यात उष्णता नव्हती, घन पदार्थाच्या आतले गणित नव्हते. होता तो एका वेगाचा, एका आकाराचा प्रवाह.

इलेक्ट्रॉनिक संगणक आल्यावर हा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे फ्रान्सिस हार्लो यांच्या गटाने या रीती वाढवल्या. १९६५ मध्ये हार्लो आणि वेल्च यांनी दाखवले, की दाबाचे आकडे चौकोनाच्या मध्यावर आणि वेगाचे आकडे चौकोनाच्या कडांवर ठेवले, तर गणित नीट वागते. भारतातही याच सुमारास संगणक येत होते. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० बसवला गेला.

पुण्याचे पाटणकर

सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ चा, पुण्याचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९६२ साली यांत्रिकी अभियंता झाले. १९६४ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून त्यांनी एम.टेक. केले. पवईची ही संस्था तेव्हा अवघी काही वर्षांची होती. तेथून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे गेले आणि १९६७ मध्ये पीएच.डी. झाले. गुरुशिष्यांनी मिळून सीमास्तरातील उष्णता व वस्तुमान यांच्या वहनाची संगणकावर सोडवण्याची रीत बसवली आणि तीवर पुस्तकही लिहिले.

१९७२ मध्ये पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातील रीत 'सिंपल' या नावाने जगभर ओळखली जाते. हे एका लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे. नावाप्रमाणे ती खरोखर सोपी आहे, म्हणून ती समजून घेऊ.

हवेच्या किंवा पाण्याच्या संथ प्रवाहात वेग ठरतो दाबामुळे. पण दाब किती आहे हे सांगणारे स्वतंत्र समीकरण नसते. असते ती एक अट : कोणत्याही चौकोनात जितके पाणी आत आले तितकेच बाहेर गेले पाहिजे. जमाखर्च जुळला पाहिजे. पाटणकर-स्पाल्डिंग यांची रीत अशी. प्रथम दाबाचा अंदाज करा. त्या अंदाजावरून प्रत्येक ठिकाणचा वेग काढा. आता प्रत्येक चौकोनाचा जमाखर्च तपासा. अंदाज चुकीचा असल्याने तो जुळणार नाहीच. ज्या चौकोनात पाणी साचते आहे असे दिसते, तेथला दाब थोडा वाढवा, म्हणजे पाणी बाहेर ढकलले जाईल. जेथे तूट आहे, तेथला दाब कमी करा. नव्या दाबाने वेग पुन्हा काढा, पुन्हा जमाखर्च पाहा. सगळ्या चौकोनांचे हिशेब जुळेपर्यंत हे चक्र चालवा.

किराणा दुकानदार रात्री रोजमेळ जुळवतो, तसेच हे काम आहे. फरक इतकाच, की येथे हजारो किंवा लाखो खातेवह्या आहेत आणि एकीतली दुरुस्ती शेजारच्या खात्यात उमटते.

घन म्हणजे न वाहणारा द्रायू

पाटणकर पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७८ साली टोरांटो येथे भरलेल्या सहाव्या आंतरराष्ट्रीय उष्णतासंक्रमण परिषदेत त्यांनी आपल्या विषयाला थेट भिडणारा निबंध सादर केला. संमिश्र पदार्थांतील वहन, वेड्यावाकड्या आकारांतील प्रवाह आणि जोडगणित हे तीनही प्रश्न एकाच रीतीने कसे सोडवावेत, हे त्यात होते.

त्यातील कल्पना फार सुंदर आहे. घन भाग आणि द्रायूचा भाग वेगवेगळे करायचेच नाहीत. साऱ्या जागेवर एकच जाळी टाकायची. ज्या चौकोनात घन पदार्थ आहे, तेथेही द्रायूच आहे असे समजायचे, पण त्याचा चिकटपणा प्रचंड मोठा धरायचा. इतका चिकट द्रायू हलणारच नाही, म्हणजे तो घनासारखा वागेल. त्याला वाहकता मात्र खऱ्या घन पदार्थाची द्यायची. मग एकाच समीकरणात भिंतही येते आणि हवाही येते. गुणांक उसना घ्यावा लागत नाही.

एक अडचण उरते. शेजारशेजारच्या दोन चौकोनांपैकी एकात तांबे आहे आणि दुसऱ्यात हवा. मधल्या कडेवरून उष्णता जाताना वाहकता कोणती धरायची? सहज सुचते ती सरासरी. तांबे ४०० आणि हवा ०.०२६, यांची साधी सरासरी सुमारे २००. पण हे साफ चुकीचे आहे. हवेऐवजी पूर्ण उष्णतारोधक पदार्थ असता, तरी साधी सरासरी २०० च आली असती आणि रोधकातून उष्णता धो धो वाहू लागली असती!

पाटणकरांनी येथे हरात्मक सरासरी वापरायला सांगितली. दोन्ही वाहकतांचा गुणाकार दुप्पट करून त्याला बेरजेने भागायचे. उत्तर येते सुमारे ०.०५२. साध्या सरासरीपेक्षा हे सुमारे ३,८०० पटींनी कमी आहे. शिक्षकांच्या लक्षात आलेच असेल, की हे एकसरी जोडणीतल्या रोधांचेच गणित आहे. वाहकतेची सरासरी काढायची नाही, अडथळ्यांची बेरीज करायची. नववी-दहावीच्या विजेच्या धड्यातले सूत्र योग्य जागी वापरल्याने एक मोठा प्रश्न सुटला.

१९८० साली पाटणकरांचे अंकीय उष्णतासंक्रमण व द्रायुप्रवाह या विषयावरचे छोटेखानी पुस्तक आले. त्यात गणिती बडेजाव नाही. प्रत्येक पायरीवर 'याचा भौतिक अर्थ काय?' असे विचारलेले आहे. अभियांत्रिकीच्या एका पिढीने हा विषय त्याच पुस्तकातून शिकला. १९८१ मध्ये स्पाल्डिंग यांच्या संस्थेने 'फिनिक्स' ही संगणक प्रणाली बाजारात आणली. कोणत्याही कारखान्याने विकत घेऊन वापरावी, अशा सर्वोपयोगी प्रणालींपैकी ती अगदी पहिल्यांतली होती. २००८ मध्ये पाटणकरांना उष्णतासंक्रमणातील अत्यंत मानाचे मॅक्स जेकब स्मृती पारितोषिक मिळाले.

इंदिरानगरच्या गच्चीवर

हे सारे आपल्या घराशी कसे जुळते, ते पाहू. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये काँक्रीटच्या सपाट गच्च्यांच्या इमारती रांगेने उभ्या आहेत. पंचवटीतल्या जुन्या कौलारू वाड्यांना पोटमाळा असे, त्यातली हवा उष्णतेला अडवी. सपाट स्लॅबखाली तसे काही नसते. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या खोल्या रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात.

अडथळ्यांची बेरीज करू. १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा अडथळा, काँक्रीटची वाहकता १.५ धरल्यास, ०.०८ येतो. गच्चीवरच्या वाऱ्याच्या थराचा अडथळा साधारण ०.०५ आणि छताखालच्या स्थिर हवेचा साधारण ०.१७. एकूण ०.३०. म्हणजे ज्या स्लॅबला आपण दोष देतो, त्याचा वाटा जेमतेम पाव आहे. पाऊण अडथळा हवेचाच आहे.

उन्हामुळे वरच्या बाजूला ६० अंशांच्या तोडीची उष्णता आहे आणि खोलीतली हवा ३२ अंश आहे, असे धरू. २८ अंशांच्या फरकाला ०.३० ने भागले की दर चौरस मीटरला सुमारे ९३ वॅट. सहा मीटर बाय आठ मीटरच्या वर्गखोलीत साडेचार किलोवॅट उष्णता छतातून उतरते. एकेक किलोवॅटच्या साडेचार शेगड्या छताला टांगल्यासारखे हे आहे. छतावर अडीच सेंटिमीटर थर्माकोल घातला, तर ०.७१ इतका अडथळा वाढतो, एकूण १.०१ होतो आणि उष्णता २८ वॅटवर येते. एक-तृतीयांशाहूनही कमी. गच्चीला चुना मारला, तर अडथळा बदलत नाही, पण वरचे ६० अंश खाली येतात.

छताखालच्या हवेचा अडथळा इतका मोठा का? तापलेली हवा हलकी असते, ती छतालाच चिकटून राहते. पंखा लावला की ती घुसळली जाते. अडथळा ०.१७ वरून समजा ०.१० वर आला, तर एकूण ०.२३ होतो आणि उष्णता १२२ वॅटवर जाते. 'पंखा गरम हवा फेकतो' ही तक्रार खरी आहे. हिवाळ्याच्या रात्री स्लॅब थंड असतो, तेव्हा त्यालगतची हवा जड होऊन आपोआप खाली येते आणि तोच अडथळा पंख्याशिवाय कमी होतो. स्लॅब तोच, हवा तीच, पण गुणांक बदलला.

आपल्या या हिशेबात एक उणीव आहे. तो स्थिर अवस्थेचा आहे. खरा स्लॅब तापायला आणि निवायला कित्येक तास घेतो, म्हणून दुपारचे ऊन खोलीत संध्याकाळी जाणवते. तासागणिक बदलणारे ऊन, स्लॅबमधील साठा आणि हवेचा प्रवाह हे सारे एकत्र घ्यायचे म्हटले, की जोडगणिताला पर्याय राहत नाही.

रस्त्याच्या कडेला डीपीवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर हे तर जोडगणिताचे चालते उदाहरण आहे. आत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची वेटोळी, त्यांवर कागदाचे वेष्टन, भोवती तेल, मग लोखंडी टाकी व तिचे पंख, आणि बाहेर हवा. तेल स्वतःच्या उष्णतेने वर चढते, पंखांतून निवत खाली येते. साध्या वेष्टनकागदाची झीज तापमान दर ६ अंशांनी वाढले की दुप्पट होते. म्हणून तेलाचे सरासरी तापमान कळून भागत नाही, वेटोळ्यातला सर्वांत तप्त बिंदू कुठे आहे हे कळावे लागते. तेथे तापमापक पोहोचवणे अवघड, पण गणित पोहोचते.

तारापूर ते परम

काही ठिकाणी चूक परवडतच नाही. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज केंद्रे सुरू झाली. तेथील इंधनकांडीत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या असतात, त्यांभोवती झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी आणि बाहेर उकळते पाणी. ऑक्साइडची वाहकता कमी असल्याने कांडीचा गाभा पाण्यापेक्षा शेकडो अंशांनी तप्त असतो. पाण्याचा प्रवाह अडला तर नळी किती तापेल, हा घन-द्रायू जोडीचाच प्रश्न आहे. अणुभट्टी बंद केल्यावरही लगेचच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे आणि २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे ही उरलेली उष्णता वेळेत काढून नेता आली नाही, त्याचे परिणाम सर्वज्ञात आहेत.

अशा गणितांना शक्तिशाली संगणक लागतात. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ मध्ये 'फ्लोसॉल्व्हर' या समांतर संगणकाचे काम सुरू झाले, ते मुख्यतः प्रवाहांच्या गणितासाठीच. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तेथे 'परम ८०००' तयार झाला.

गंमत अशी, की उष्णतेचे गणित करणारे संगणक पुढे स्वतःच उष्णतेचा प्रश्न बनले. मोठ्या संगणककेंद्रांत जमिनीखालच्या पोकळीत थंड हवा सोडतात आणि ती भोकांच्या फरश्यांमधून वर येते. वातानुकूलन यंत्राच्या अगदी जवळच्या फरशीतून सर्वांत जास्त हवा येईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तेथे सर्वांत कमी येते, कधी कधी तर वरची हवा उलटी आत खेचली जाते. यंत्राजवळ हवेचा वेग फार असतो, म्हणून तेथे दाब कमी असतो. दूर गेल्यावर वेग मंदावतो आणि दाब वाढतो. बर्नुलीच्या तत्त्वाचा हा नमुना आहे. या केंद्रांच्या शीतलीकरणाचा अभ्यास करणाऱ्यांत पाटणकर आणि त्यांचे सहकारी अग्रेसर होते. २०१० साली त्यांनी त्यावर सविस्तर निबंध लिहिला. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात तर द्रव थेट चिपवर बसवलेल्या पट्ट्यांतून फिरवतात. चिप, पट्टी आणि द्रव, पुन्हा तीच जोडी.

रंगीत चित्रे आणि सावधगिरी

आज ही गणिते करणाऱ्या प्रणाली फुकटही मिळतात. इंपीरियल कॉलेजातच जिचा उगम झाला, ती 'ओपनफोम' ही प्रणाली २००४ पासून सर्वांना खुली आहे. तिच्यात 'सिंपलफोम' नावाचा एक कार्यक्रम आहे, आणि घन व द्रायू यांचे जोडगणित करणारा वेगळा कार्यक्रमही आहे. मुंबईच्या आयआयटीचा 'फॉसी' प्रकल्प तिच्या शिक्षणाचे साहित्य मोफत देतो. गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी साध्या संगणकावर कावागुतींचे दीड वर्षाचे काम काही मिनिटांत करू शकतो.

यातून एक धोका उद्भवतो. लाल-निळ्या रंगांचे चित्र पडद्यावर आले, की ते खरेच वाटते. पण जाळी जाड असेल, सीमेवरची अट चुकली असेल, किंवा साधी सरासरी वापरली असेल, तरीही चित्र तितकेच सुंदर दिसते. म्हणून जाणकार काही गोष्टी तपासतात. जाळी बारीक केल्यावर उत्तर बदलते का? एकूण उष्णतेचा जमाखर्च जुळतो का? आणि प्रत्यक्ष प्रयोगाशी उत्तर मिळते का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

वर्गात करून पाहा

१. पाच विद्यार्थ्यांना ओळीत उभे करा. ओळीच्या एका टोकाला फळ्यावर १०० लिहा, दुसऱ्या टोकाला ४०. प्रत्येकाने वाटेल तो आकडा घ्यावा. मग प्रत्येकाने आपल्या दोन्ही शेजाऱ्यांच्या आकड्यांची सरासरी काढून आपला आकडा बदलावा. हे पुन्हा पुन्हा करा. शेवटी आकडे ९०, ८०, ७०, ६०, ५० च्या जवळ स्थिरावतात. संगणक याहून वेगळे काही करीत नाही. आता ओळीच्या मध्ये एका जागी 'थर्माकोल' आहे असे ठरवा. तेथील दोघांनी एकमेकांच्या आकड्याला अगदी थोडे आणि आपल्या बाजूच्या शेजाऱ्याला बरेच जास्त वजन द्यावे. जवळजवळ सगळा उतार त्या एका जागी गोळा होतो.

२. दोन सारखे स्टीलचे पेले घ्या. एकाला बाजूंनी व तळाशी अर्धा सेंटिमीटर थर्माकोल गुंडाळा. दोन्हींत सारखे गरम पाणी घालून थर्माकोलचे झाकण ठेवा, म्हणजे वाफेने होणारी घट टळेल. प्रथम पंखा न लावता आणि मग पंखा लावून दर दोन मिनिटांनी तापमान टिपा. उघड्या पेल्यावर पंख्याचा परिणाम ठळक दिसेल, गुंडाळलेल्यावर अगदी थोडा. एकाच पंख्याचा परिणाम दोन ठिकाणी वेगळा का, हे विद्यार्थ्यांना अडथळ्यांची बेरीज करून सांगू द्या.

३. शीतलीकरणाच्या प्रयोगाच्या वहीत स्थिरांकाच्या शेजारी एक ओळ वाढवायला सांगा : भांडे कशाचे होते, कसे ठेवले होते, वारा होता की नाही. न्यूटनने आपल्या निबंधात वाऱ्याची नोंद केली होती. आपल्या वह्यांतही ती असायला हरकत नाही.